दुसरी खाट

सेंट लुईस, ९ जून

मार्केल,

तू पोचलास हे मला मामांच्या शेजारणीकडून कळलं. तुझ्याकडून नाही. अकरा तास बसमधून गेलेल्या माणसानं पहिलं काम काय करावं? बहिणीला चार ओळी खरडाव्यात. पण नाही, साहेबांचा पाय दुखतोय! गोळी मांडीत लागलीय मेल्या, बोटांत नाही.

आता नीट वाच, हे मी एकदाच लिहिणार आहे. तुझा फोन माझ्याकडं आहे, पिठाच्या डब्यात, वर घट्ट झाकण. वर्षभर तो तुला मिळायचा नाही. एकानं फोनवर गाणं टाकायचं, दुसऱ्यानं त्याला हसायचं, तिसऱ्यानं गाडी घेऊन नाक्यावर यायचं. एप्रिलमध्ये तुझ्या मांडीत जे शिरलं ते त्या फोनमधूनच आलं होतं. मामांच्या पुढच्या खोलीत फोन आहे तो फक्त अडीअडचणीला. मी करणार नाही, तूही करायचा नाहीस. फोनवर तू मला गोड बोलून गुंडाळतोस. आई गेली तेव्हा आठ वर्षांचा होतास, तेव्हापासून गुंडाळत आलायस. कागदावर ते तुला जमत नाही. म्हणून पत्रं.

माझं नेहमीचंच चालू आहे. या आठवड्यात तीन मयतांच्या घरचे शर्ट, एकूण सत्तर. मधे फोटो, वर नाव, खाली डावीकडं सूर्योदय म्हणून जन्मतारीख, उजवीकडं सूर्यास्त म्हणून गेल्याची. तिघांतले दोघं तुझ्या वयाचे. जेवणाच्या टेबलावर शर्ट छापायचं प्रेस मांडलंय, त्यामुळं मी उभ्यानंच जेवते. लोकांच्या बहिणी लग्नाचे नि वाढदिवसाचे शर्ट छापतात म्हणे. आपल्या गल्लीत वाढदिवस कोण साजरे करतंय?

दवाखान्यातले पेटवेसाहेब येऊन गेले. गोळी लागलेल्या पोरांना चिवट बनवायची त्यांची योजना आहे ना, तिचा तक्ता भरायचा राहिलाय म्हणाले. सोबत पाठवतेय. भर आणि परत धाड. त्यांनीच तुझं तिकीट काढलं, तेव्हा थट्टा न करता भर.

तुझा दोस्त जोवानही आला होता. दारात उभा राहून चुळबुळत होता, काहीतरी हवं होतं त्याला. कोंबडी आणि मॅकरोनीचं ताट भरून दिलं नि वाटेला लावलं. तुझा पत्ता मी कुणाला देत नाहीये, त्यालाही नाही. तोंड फुगवू नकोस.

मामांना उलट बोलू नकोस. चर्चला जा. पाय वर करून बस.

तुझी ताई,
रेनिटा

मिसिसिपी, मामांचं शेत
२० जून

प्रिय तुरुंगाधिकारी ताई,

कैदी जिवंत आहे. पोटभर जेवतो. पहिले चार दिवस झोप आली नाही, कारण कुठं आवाजच नव्हता. पाचव्या दिवशी मामांच्या ट्रॅक्टरचा भोंगा अडकून बसला तेव्हा कुठं डोळा लागला.

ओझेलमामा दिवसाला पाच वाक्यं बोलतात, त्यातली दोन कुत्र्याशी. एकाहत्तर वर्षांचा माणूस, पण वाकून रताळ्याच्या वेलांची रोपं लावायला लागला की मी लंगडत मागं आणि तो पार दुसऱ्या टोकाला. काल म्हणाले, "तुझा पाय बरा असता तरी तू मागंच असतास." हे तिसरं वाक्य.

तक्ता भरलाय. एक ते पाच आकडे द्यायचे होते. "संकटातून मी लवकर सावरतो." मामांना विचारलं, काय लिहू? ते म्हणाले, "लवकर कशाला? गाडी सुटतेय?" मी तीन लिहिलं. "मला माझं पुढचं आयुष्य दिसतं." ते रिकामं सोडलंय. उगाच खोटं कशाला? "माझ्याजवळ एक तरी विश्वासाचा माणूस आहे." याला पाच. सहा असता तर सहा दिला असता. ताई, तू तिथं नव्हतीस. जोवाननं अंगातला शर्ट काढून माझ्या मांडीत कोंबला, मला त्याच्या गाडीत घालून तीन लाल सिग्नल तोडले आणि मी डोळे मिटू नयेत म्हणून सबंध वाट भसाड्या आवाजात गात होता. मी शुद्धीवर राहिलो तो केवळ त्याला गप्प करायला.

आता खरं काम. मामांनी माझ्या खोलीत दुसरी खाट टाकलीय. मी जोवानबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "खणणीला दोन हात वाढले तर रताळी काही रडत नाहीत. बोलव." त्याच्यासाठी वेगळं पत्र चिकटवून पाठवतोय. वाचू नकोस. हातात दे. मला मारणाऱ्यांनी त्याची गाडी पाहिलीय, तो तिथं बरा नाही. पेटवेसाहेबांकडं तिकीट माग, ते नाही म्हणायचे नाहीत. आणि त्याला सांग, इथं आपल्यासारखं चिनी जेवणाचं दुकान नाही, तेव्हा तिथलं अंड्याचं सँडविच शेवटचं खाऊन ये.

तुझा,
मार्केल

सेंट लुईस, ७ जुलै

मार्केल,

तुझं पत्र मिळालं. उशीर झाला, काम फार होतं. प्रेसवर हात भाजलाय, म्हणून थोडकंच लिहिते.

जोवान इथं नाही. कॅन्सस सिटीला गेला. तिथं त्याच्या वडलांचा कुणी नातेवाईक आहे, गोदामात कामाला लावतो म्हणाला. अचानकच गेला. पत्ता ठेवलेला नाही. तुझं पत्र माझ्यापाशीच राहिलं.

तू तिथंच राहा. काही झालं तरी राहा. पायाचं मलम लावतोस का? मामांना माझा नमस्कार सांग.

ताई

मिसिसिपी, २५ जुलै

ताई,

गेला? न सांगता? माझ्याशी एक शब्द न बोलता?

बरं झालं. कळलं तरी. मी इथं रोज टपालपेटीपर्यंत लंगडत जातोय, हातभर धूळ खातोय, आणि हा गडी कॅन्सस सिटीत खोकी उचलतोय. त्याला माझा पत्ता ठाऊक नाही, पण तुझं दार तर ठाऊक होतं ना! "मार्केलला सांगा" एवढं तीन सेकंदांचं काम. मी गोळी खाल्ली ती त्याच्या शेजारी उभा होतो म्हणून, आणि तो पळाला. पळपुटा. सोबत त्याच्यासाठी दुसरं पत्र आहे. त्यात ज्या शिव्या आहेत त्या चर्चला जाणाऱ्या बाईनं वाचू नयेत. पत्ता मिळाला की आधी हे पाठव. पहिलं फाडून टाक. नाही, फाडू नकोस. असू दे.

मामांनी आज मला ऊबखोली दाखवली. खणणी झाली की रताळी आधी तिथं ठेवतात. मी म्हटलं, थेट गार कोठारात का नाही? ते म्हणाले, खणताना प्रत्येकाला कुठं ना कुठं खरचटतंच. तसंच गारठ्यात टाकलं तर सडतं. आठ दिवस उबेत, दमट हवेत ठेवलं की जखमेवर नवी साल धरते, मग वर्षभर टिकतं. मी म्हटलं, म्हणजे रताळी चिवट असतात. पेटवेसाहेबांना कळवायला हवं. तर म्हातारा केवढा चिडला! "चिवट-बिवट काही नसतं. ऊब मिळाली तर जमतं, नाही मिळाली तर सडतं. त्यात रताळ्याची कसली बढाई?" एका दमात एवढं बोलले, मग दोन दिवस गप्प.

जोवानला शिव्या घालून घालून माझंही तोंड दुखायला लागलंय.

मार्केल

सेंट लुईस, १९ ऑगस्ट

मार्केल,

त्याला शिव्या देऊ नकोस. एवढं माझं ऐक. माणूस गेला तर काही कारणानं गेला असेल. तो तुला सोडून पळणाऱ्यांतला नव्हता, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पुन्हा लिहिलंस तर मी उत्तर देणार नाही.

पेटवेसाहेबांच्या योजनेचे पैसे संपले. परवा येऊन सांगून गेले, ओशाळले होते बिचारे. तक्ते तेवढे घेऊन गेले. त्याआधी एका जेवणावळीत दाखवायला त्यांच्या वरिष्ठांना तुझा फोटो हवा होता, "सावरलेला तरुण" म्हणून. मी म्हटलं, माझ्याकडं फोटो मेल्यावरच छापतात, त्याचे दर वेगळे आहेत. ते कळायला त्यांना वेळ लागला.

खणणी तोंडावर आलीय, म्हणून वर्षभराचे चुकलेले शर्ट खोक्यात घालून पाठवतेय. या वर्षी ढीग मोठा आहे, माझ्या हातून फार चुकायला लागलंय. तुला लहानपणापासून माहीत आहे, तरी सांगते. आपल्यात चुकलेला शर्ट घरी कुणी घालत नाही आणि कचऱ्यातही टाकत नाही. गेलेल्याचं तोंड कचऱ्यात कसं टाकायचं? चुकला की मी त्याच क्षणी उलटा करून घडी घालते, म्हणजे जेवताना कुणी माझ्याकडं बघत राहत नाही. तुम्ही ते शेतात उलटेच घाला, उलटेच धुवा. घामामातीत विरू देत. उरलेल्या चिंध्या मामा बांधावर पुरतात.

जास्त वाकू नकोस. भूक लागली की खा.

ताई

मिसिसिपी, ११ सप्टेंबर

रेनिटा,

चार दिवस मी तो शर्ट घातला. नियमानं, उलटा. चार दिवस खणत होतो, मामांना हसत होतो, त्यांच्या कुत्र्याला हसत होतो, आणि संध्याकाळी खाटेवर पडून समोरच्या रिकाम्या खाटेला शिव्या देत होतो. पाचव्या दिवशी बाही उसवली. शिवायला म्हणून सुलटा केला.

जोवान. तो दात दाखवून हसतो तो फोटो, मीच काढलेला, माझ्याच फोनमधला. चार दिवस त्याचं तोंड माझ्या छातीला चिकटून होतं आणि मी त्याला पळपुटा म्हणत होतो.

खाली डावीकडं सूर्योदय, ३ मार्च. ती माझी तारीख आहे, ताई. माझी! त्याची १९ नोव्हेंबर. उजवीकडं सूर्यास्त, २८ जून. क्षणभर मला वाटलं की मीच मेलोय आणि तू चुकून तोंड त्याचं लावलंस. मग वाटलं, चूक नसेलच. तुझा हात खरं तेच लिहून गेला.

कॅन्सस सिटी. गोदाम. वडलांचा नातेवाईक. किती नीट रचलंस! मला त्याचा चेहराही बघू दिला नाहीस. त्याची शवपेटी उचलणाऱ्या सहा जणांत मी असायला हवा होतो. माझ्या जागी कोण होतं? आणि फोन अडीअडचणीला म्हणाली होतीस. मग ही काय होती? अडचणच होती ना? की माझ्यासाठी अडचण म्हणजे फक्त माझंच मरण?

माझ्या दुसऱ्या पत्राचं काय केलंस? त्या शिव्यांचं? त्याच्या आईच्या हाती दिलं नाहीस ना? देवाशपथ, दिलं नाहीस ना?

सगळं लिही. या वेळी खरं. कोण, कुठं, का. दोन आठवडे वाट पाहतो. मग काहीही असो, मी बस पकडतो. तिथं कुणाला भेटायचं ते मला माहीत आहे.

मार्केल

सेंट लुईस, १६ सप्टेंबर

मार्केल,

मामांचा फोन आला होता. तू बोलत नाहीस आणि खणायला मात्र सगळ्यांच्या आधी जातोस, म्हणाले. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांच्यावर राग धरू नकोस.

शनिवार होता, दुपारचे चार. चिनी दुकानासमोरच्या बसथांब्यावर तो उभा होता, हातात अंड्याचं सँडविच. गोळ्या झाडणारी गाडी थांबलीसुद्धा नाही. तुला दवाखान्यात नेणारी गाडी त्यांनी पाहिली होती. कोण ते सगळ्या गल्लीला माहीत आहे आणि पोलिसांना कुणी सांगत नाही. तुलाही माहीत आहे, तेव्हा नाव लिहीत नाही. पेटी उचलताना तुझ्या जागी त्याचा धाकटा भाऊ होता. शिव्यांचं पत्र मी जाळलं, त्याच्या आईपर्यंत गेलं नाही.

आता पुढचं. इथंच थांबले असते तर तुझ्या नजरेत मी नुसती खोटारडी राहिले असते. पण तू खरं मागितलंस.

जूनमध्ये तो दारात चुळबुळत होता, असं मी लिहिलं होतं ना? काहीतरी हवं होतं म्हणून? काय हवं होतं ते त्यानं सांगितलं होतं. म्हणाला, "ताई, मलाही धाड ना तिकडं. ते रोज माझ्या घरावरून हळू गाडी नेतात." मी म्हटलं, "तुझ्या मागून ते माझ्या भावाच्या दारात येतील. तू तुझं बघ." असंच म्हटलं, याच शब्दांत. तो रागावलासुद्धा नाही. "बरोबर आहे तुझं, ताई," म्हणाला. मग मी ताट भरून दिलं. दोन दिवसांनी ते दारात ठेवलेलं होतं, स्वच्छ घासलेलं.

तुझं पत्र २४ जूनला आलं. खाटेचं. त्याच्यासाठीचं चिकटवलेलं आत होतं. चार दिवस ते फ्रीजवर पडून होतं आणि मी येता-जाता त्याच्याकडं बघत होते. सोमवारी दिलं असतं, असं मी म्हणू शकते. कुणाला कळणार आहे? पण नव्हते देणार. मला एकच भाऊ आहे, मार्केल. आईला मी शब्द दिलाय तो एकाचाच. दुसऱ्या कुणाच्या लेकराला त्या खाटेवर निजवून तुझी झोप धोक्यात घालायची माझी तयारी नव्हती. मी त्याला मारलं नाही. पण दार माझ्या हातात होतं आणि मी लावून घेतलं.

त्याच्या आईनं शर्ट माझ्याकडंच छापायला दिले. पन्नास. पहिले सहा चुकले. हाताला एकच तारीख पाठ आहे. पुढच्या पन्नासांवर बरोबर छापली. ते सहा उलटे करून ढिगात खाली सारले आणि नंतर मलाच आठवेना कुठं ठेवले. फोन तुला केला नाही, कारण आवाजात मला खोटं बोलता येत नाही. कागदावर येतं, हे मलाही नव्यानंच कळलं.

धाकटा अमारी अडीच महिने तोच शर्ट घालून फिरतोय. सतरा वर्षांचा आहे. नाक्यावरची पोरं त्याला विचारतात, "भावाचं तोंड नुसतं छातीवर मिरवतोस, का काही करणार पण?" परवा तो माझ्याकडं बाही शिवून घ्यायला आला तेव्हा कमरेला जड काहीतरी खोचलेलं होतं. मी पाहिलं हे त्यानं पाहिलं. मी बाही शिवून दिली.

तू आलास की तुलाही तेच विचारतील. मी ये म्हणत नाही. येऊ नकोस म्हणायचा हक्क माझा मीच घालवलाय. पण येणारच असशील तर आधी तुझा एक चांगला फोटो पाठव. हसरा. माझ्याकडचे जुने झालेत. तुझा शर्टही मलाच छापायचाय ना! सूर्योदय पाठ आहे, तो चुकायचा नाही.

रेनिटा

मिसिसिपी, २ ऑक्टोबर

ताई,

तुला माफ केलेलं नाही. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा गैरसमज व्हायला नको.

मागच्या शनिवारी मी पिशवी भरली. मामांनी विचारलं नाही. ट्रकची किल्ली घेतली आणि मला थांब्यावर नेलं. मी म्हटलं, "अडवत का नाही?" ते म्हणाले, "मला कुणी अडवलं नव्हतं." तुला माहीत होतं का हे? मामांचा एक भाऊ होता, रॉस्को नावाचा, शिकागोला मारला गेला. मामा इथून बस पकडून गेले. म्हणाले, "माझा नेम चुकला नाही. अकरा वर्षं आत होतो. रॉस्को होता तेवढाच मेलेला राहिला." मग चणे खात बसले.

बस आली. दार उघडलं, ड्रायव्हर म्हणाला, "येतोयस का?" बस गेली. मी काही ठरवलं वगैरे नाही. पाय हलले नाहीत, एवढंच. याला पेटवेसाहेबांच्या तक्त्यात कितीही आकडा देऊ देत. विश्वासाचा माणूस "आहे" का, असं विचारतात ते. "होता" असं लिहायला रकानाच नाही.

घरी आलो आणि दिवसभर त्या शर्टात खणलं. सुलटा घालून. 

मी आयुष्यभर तुझ्यावर चिडून राहू शकतो. वेळ भरपूर आहे, तूच मिळवून दिलास. तू माझ्यासाठी केलंस हे मला ठाऊक आहे, आणि तेच मला गिळवत नाही. मी जिवंत आहे तो त्याच्या गाडीमुळं आणि त्याला मिळायच्या खाटेमुळं. हे घेऊन मी कसं जगायचं ते तू सांगू नकोस.

आता ऐक. अमारीला इकडं पाठव. येत्या शुक्रवारच्या बसनं नाही जमलं तर त्याच्या पुढच्या, पण त्यापलीकडं नाही. त्याच्या मागून इथं कुणी आलं तर येऊ देत, आम्ही तिघं आहोत आणि एक कुत्रा आहे. त्याच्या कमरेचं ते इकडं येता कामा नये. आणि माझं जोवानला लिहिलेलं पहिलं पत्र त्याच्यासोबत दे, बंद आहे तसंच. पुन्हा दार लावून घेतलंस तर मी येतो. मग फोटो तुझ्याकडचा जुनाच वापर.

आणि यापुढं पत्र लिहू नकोस. फोन कर. तुझ्या कागदावर माझा विश्वास उरला नाही.

मार्केल

सेंट लुईस, १७ ऑक्टोबर
(अमारीच्या हाती)

मार्केल,

लिहू नकोस म्हणालास, तरी एवढं एकच. रविवारी चर्चनंतर फोन करीन. काय बोलायचं ते अजून सुचलं नाही. उचललास तर उचललास.

तिकीट पेटवेसाहेबांनी स्वतःच्या पैशातून काढलं. योजना बंद पडली, माणूस चालू आहे. अमारीच्या आईनं दोन दिवस हो-ना केलं, मग स्वतःच पिशवी भरली. कमरेचं जड त्यानं काल माझ्या टेबलावर प्रेसशेजारी ठेवलं. मी ते पुलावरून नदीत टाकून आले.  तुझं पत्र त्याच्याजवळ आहे, कुणी उघडलेलं नाही. शर्ट त्यानं अंगातच ठेवलाय, सुलटा. बसमध्ये तरी जाकीट घाल म्हटलं, ऐकत नाही. तूही त्याला बदलायला लावू नकोस.

मी त्याला सगळं सांगितलं. त्याचा भाऊ दारात आला होता ते, मी काय म्हणाले ते, ताट दिलं ते. वाटलं होतं, शिव्या देईल, थुंकेल तोंडावर. मीही तयार होते. तो प्रेसजवळ बसला. मग म्हणाला, "ते ताट मी घासलं होतं. जोवान म्हणाला, नीट घास, ताईकडं परत जायचंय आपल्याला."

खाटेवर चादर घालून ठेव. पोरगं लांबून येतंय.

ताई